फोनवर ‘ठीक आहे’ म्हणू नकोस

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला. पुण्याच्या मानसशास्त्रज्ञ बाईंशी वेळ ठरली, बरं झालं. चोपड्याहून दर आठवड्याला पुणं गाठणं कोणाला जमणार? पण फोनवरचा उपचार म्हणजे नाइलाज, असं मनात धरू नकोस. शिकागोकडे नैराश्याच्या ३२५ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१२ साली छापून आला. उपचार संपताना फोनवाले आणि समोर बसून बोलणारे, दोघंही सारखेच सुधारलेले होते. मध्येच सोडून देणारे तर फोनवर कमी निघाले. सहा महिन्यांनी मात्र समोर बसलेल्यांची तब्येत थोडी सरस होती. म्हणून शेवटच्या सेशननंतर लांब अंतराने दोन-चार फोन ठेवता येतील का, ते बाईंना आधीच विचार.

आता मुद्द्याचं. वर्गात तू मान खाली घातलीस की मला कळायचं, आज याचं काहीतरी बिनसलंय. बाईंना ते दिसणार नाही. तू ‘ठीक आहे’ म्हणालास की त्यांना ठीकच ऐकू येईल. तेव्हा जे तोंडावर दिसलं असतं ते बोलून दाखवायचं. ‘आत्ता छातीत दडपल्यासारखं होतंय.’ ‘हा प्रश्न मला आवडला नाही.’ ‘मी गप्प आहे, पण फोन चालू आहे.’ पहिल्या-दुसऱ्या वेळी नाटकात काम करतोय असं वाटेल, वाटू दे. आणि भरून आलं की तुझ्या तोंडी अहिराणीच येणार. ‘मन्हा जीव घाबरस’ असंच म्हण. नाही कळलं तर त्या विचारतील.

जागेचं अवघड आहे. तुमच्या घरात माजघरात शिंकलं तरी ओट्यावरून ‘कोण आजारी?’ येतं. केळीच्या बागेत विहिरीजवळची खोली बरी, पण शेतीची लाइट कोणत्या आठवड्यात दिवसा नि कोणत्या आठवड्यात रात्री, ते बघूनच बाईंकडून वेळ घे. ऑटो स्विच लावलेला असला तर लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते आणि मग कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. तिथे रेंज मिळते का, हे आदल्या दिवशी कोणा मित्राला फोन लावून पाहा. कॉल कटला तर परत कोणी लावायचा, हेही पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर दोघं एकमेकांना एंगेज.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. बऱ्याच फोनांत सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होण्याची सोय असते आणि तुझा फोन धाकटा भाऊ गेमसाठी घेतो. ती सोय बंद आहे ना, सेटिंगमध्ये जाऊन बघ. बाईंनी मात्र तू कुठून बोलतोयस आणि जवळच्या माणसाचा नंबर काय, असं विचारलं तर बिचकू नकोस. तुझ्या जिवाला धोका वाटला तर त्यांना कोणालातरी तुझ्याकडे पाठवता यावं, म्हणून ते विचारतात. एरवी तुझी माहिती गुप्त ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्या बांधलेल्या आहेत. गोळ्या त्या देणार नाहीत. लागल्या तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतील. आणि दोन सेशनच्या मध्ये रात्री-अपरात्री फार जड झालं तर १४४१६ लाव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

फोन ठेवला की लगेच घरात शिरू नकोस. तुझा चेहरा उतरलेला असेल आणि आई विचारेलच. बांधावरून एक फेरी मार, बोलण्यातलं एखादं वाक्य वहीत टिपून ठेव. तीन-चार वेळा बोलूनही सूर जुळला नाही तर तेही बाईंनाच सांग; राग येत नाही त्यांना, कामच आहे ते त्यांचं.

आणि हो, श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आपल्या खानदेशातल्या त्या देवीच्या सणाला, तुमची अख्खी भाऊबंदकी घरी उतरते. त्या रविवार-सोमवारची वेळ आत्ताच बदलून घे.

तुझ्या मॅडम