रीजनल स्कूल डिस्ट्रिक्टच्या संघटनेत माणूस बदलला, वर्गणी वाढली, तर आपल्या शाळेच्या बजेटला काय फरक पडतो?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मुलं मॅसॅच्युसेट्समधल्या एका रीजनल डिस्ट्रिक्टच्या शाळेत आहेत, म्हणजे दोन-तीन टाउननी मिळून चालवलेल्या. यंदा शिक्षक कमी करायची भाषा सुरू आहे. त्याच बजेटच्या पानांत, डिस्ट्रिक्ट ज्या संघटनेचं सभासद आहे तिची वाढीव वर्गणी तुम्हाला दिसली. तिथले एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर निवृत्त होतायत हेही कानावर आलं. मग हा खर्च बंद का करू नये, आणि नवा माणूस आल्याने कोणाचं काय बिघडणार आहे?

मी एका टाउनच्या फायनान्स कमिटीवर आहे. म्हणजे डिस्ट्रिक्टच्या नव्हे, पैसे देणाऱ्यांच्या बाजूला बसतो, आणि डिस्ट्रिक्टचं बजेट आलं की आधी कपाळाला आठ्या घालणं हेच आमचं काम. तरीसुद्धा सांगतो, वर्गणीची ती ओळ सोडून द्या. ती बंद केली तर एका शिक्षकाचा पगारसुद्धा सुटणार नाही. माणूस बदलतोय ही बातमी मात्र तुम्ही समजताय त्यापेक्षा मोठी आहे.

आधी पैसा कुठे अडतो ते बघू. १९८० साली इथल्या मतदारांनी प्रपोझिशन अडीच मंजूर केलं. तेव्हापासून टाउनची प्रॉपर्टी टॅक्सची एकूण वसुली दर वर्षी अडीच टक्के आणि त्यात नव्या बांधकामाची भर, एवढीच वाढू शकते. त्यापुढे जायचं तर ओव्हरराइड, म्हणजे थेट मतदान. शाळेचा खर्च मात्र अडीच टक्क्यांनी वाढत नाही. कर्मचाऱ्यांचा हेल्थ इन्शुरन्स अलीकडे कित्येक ठिकाणी दोन अंकी टक्क्यांनी उडी मारतोय. विशेष गरजांच्या मुलांना बाहेरच्या खाजगी शाळेत पाठवावं लागलं, तर त्या शाळांचे दर राज्य ठरवतं. २०२४ च्या आर्थिक वर्षात ती वाढ एका झटक्यात १४ टक्के होती. ‘सर्किट ब्रेकर’ नावाच्या योजनेतून त्यातले काही पैसे परत मिळतात, पण एका मुलाचा खर्च ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच, आणि तोही वरच्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंतच. कोविडच्या काळात आलेले केंद्राचे पैसे सप्टेंबर २०२४ नंतर संपले. त्या पैशांवर ज्यांनी कायमची माणसं नेमली, त्यांची आता पंचाईत झाली आहे.

राज्याची मदत चॅप्टर ७० च्या सूत्राने येते. २०१९ च्या स्टुडंट ऑपॉर्च्युनिटी ॲक्टने त्यात बरीच भर घातली, पण तिचा मोठा वाटा कमी उत्पन्नाची मुलं जास्त असलेल्या शहरांकडे गेला, आणि जायलाच हवा होता. पटसंख्या घटत चाललेल्या बऱ्याच रीजनल डिस्ट्रिक्टना मिळते ती किमान वाढ. २०२६ च्या आर्थिक वर्षात ती दर मुलामागे १५० डॉलर होती, आणि त्याआधीच्या वर्षांत त्याहून बरीच कमी, कधी नुसती ३०. शिवाय सूत्रातली महागाईची वाढ साडेचार टक्क्यांवर अडवलेली आहे. महागाई त्याच्या वर गेली, त्या वर्षांचा फरक अजून भरून निघालेला नाही.

रीजनलची खरी गंमत याच्यापुढे आहे, आणि ती कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. समजण्यापुरते आकडे घेऊ. डिस्ट्रिक्टचं बजेट ४ कोटी डॉलर, त्यात राज्याचे १ कोटी आणि दोन टाउनचे मिळून ३ कोटी. ‘अ’ टाउनची मुलं ६० टक्के, ‘ब’ची ४०. म्हणजे ‘अ’ देतं १.८० कोटी, ‘ब’ देतं १.२० कोटी. पुढच्या वर्षी बजेट ४ टक्क्यांनी वाढून ४.१६ कोटी झालं. मुलं २,०००, म्हणजे किमान वाढीतून राज्याचे फक्त ३ लाख जास्त आले. टाउनच्या डोक्यावर राहिले ३.१३ कोटी. त्यातच ‘अ’मध्ये नवीन घरं झाली, ‘ब’मधली मुलं मोठी होऊन बाहेर पडली, आणि प्रमाण ६१.५ विरुद्ध ३८.५ झालं. आता ‘अ’चा वाटा १.९२५ कोटी, म्हणजे जवळजवळ ७ टक्के वाढ. ‘ब’चा १.२०५ कोटी, अर्धा टक्कासुद्धा नाही. शाळा तीच, बजेट तेच, तरी एका टाउनमध्ये ओव्हरराइडची लढाई आणि दुसऱ्यात ‘यंदा बरं आटोपलं’ म्हणून हातावर टाळी. प्रत्यक्षात हे आणखी किचकट असतं. कायद्याच्या पद्धतीत प्रत्येक टाउनने आधी राज्याने ठरवलेला किमान वाटा भरायचा, तो टाउनच्या मालमत्तेवर आणि उत्पन्नावर ठरतो. उरलेलं मग आपापल्या करारानुसार वाटायचं. ही पद्धत बाजूला ठेवून वेगळी वाटणी करायची तर प्रत्येक सभासद टाउनने हो म्हणावं लागतं.

मंजुरीचंही तसंच. दोन टाउनचा डिस्ट्रिक्ट असेल तर दोघांचा होकार हवा, जास्त असतील तर दोन तृतीयांश टाउनचा. दोनच टाउन असतील तर एका टाउन मीटिंगने, म्हणजे तिथल्या मतदारांच्या सभेने, नाही म्हटलं की घोडं अडलंच. १ जुलैपर्यंत बजेट झालं नाही तर राज्याचा शिक्षण विभाग आधीच्या वर्षाच्या हिशेबाने महिन्याला एक बारांश असा आकडा ठरवून देतो. १ डिसेंबरपर्यंतही जमलं नाही तर डिस्ट्रिक्टचा आर्थिक कारभार त्या शिक्षण विभागाकडेच जातो. एकट्या टाउनच्या शाळांवर ही पाळी येत नाही, त्यांच्या टाउन मीटिंगला एकदा हात वर झाले की विषय संपतो.

आता संघटना. अशा संघटनांचं ऑफिस म्हणजे बहुधा मोजकी माणसं. डायरेक्टर बरेचदा निवृत्त सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या शाळांचा प्रमुख, किंवा तिथले हिशेब बघणारा बिझनेस मॅनेजर. उत्पन्न सभासदांच्या वर्गणीतून आणि परिषदांमधून. डिस्ट्रिक्टला परवडेनासं झालं की आधी परिषदेची वारी बंद होते, पुढच्या वर्षी वर्गणीवर काट. राहिलेल्या सभासदांवर बोजा वाढतो, म्हणजे तुमच्या पानावर दिसलेली वाढ. डिस्ट्रिक्टची तोंडमिळवणी होत नाही म्हणून संघटनेची होत नाही.

पण त्या ऑफिसात बसून माणूस काय करतो? शाळेच्या बसचंच घ्या. दीड मैलाहून लांब राहणाऱ्या मुलांच्या बसचा खर्च राज्य भरून देईल, असं कायदा रीजनल डिस्ट्रिक्टना सांगतो. टाउननी एकत्र यावं म्हणून दाखवलेलं हे आमिष होतं. पुढे बारीक अक्षरांत आहे, अर्थसंकल्पात तरतूद असेल तेवढंच. त्यामुळे दर वर्षी टक्केवारी वेगळी. जानेवारीच्या शेवटी गव्हर्नरचा मसुदा येतो, एप्रिलमध्ये विधिमंडळाच्या एका सभागृहाचा, म्हणजे हाउसचा, मेमध्ये दुसऱ्याचा, म्हणजे सिनेटचा, आणि तिन्ही ठिकाणी त्या ओळीतला आकडा बदलू शकतो. तो खाली आला तर कुठल्या कमिटीत कोणाला फोन करायचा, कुठल्या आमदाराच्या मतदारसंघात रीजनल डिस्ट्रिक्ट आहे, मागच्या वेळी कोण फुटलं होतं, हे त्या एका माणसाच्या डोक्यात असतं. राज्यात ३५१ शहरं आणि टाउन. त्यातल्या मोठ्या शहरांना स्टेट हाउसमध्ये, म्हणजे राज्याच्या विधिमंडळात, आवाज आहेच. चार-पाच हजार वस्तीच्या टाउनच्या वतीने बोलणारं दुसरं फारसं कोणी नाही. बसची टक्केवारी थोडी जरी घसरली, तरी वर्गणीच्या कित्येक पट रक्कम हातची जाते. माझ्यासारख्या काटकसरी माणसालाही ही वर्गणी महाग वाटत नाही ती म्हणूनच.

म्हणून नवा डायरेक्टर किती गोड बोलतो याला मी महत्त्व देत नाही. परिषद देखणी करणारे खूप मिळतात. त्याने कधी रीजनल डिस्ट्रिक्टचं बजेट तीन टाउन मीटिंगांमधून पार नेलंय का, वर दाखवलेला वाटणीचा तक्ता तो स्वतः मांडू शकतो का, एवढंच मी बघेन. जुना माणूस जाण्याआधी दोघांना एक अख्खा अर्थसंकल्पी हंगाम एकत्र मिळाला तर सगळ्यात उत्तम. पैसे वाचवायला मध्ये सहा महिने खुर्ची रिकामी ठेवायची टूम निघाली आणि ते महिने जानेवारी ते जून निघाले, तर मात्र वर्गणी कशाची देतोय हे विचारायचा हक्क तुमच्या स्कूल कमिटीला, म्हणजे डिस्ट्रिक्ट चालवणाऱ्या मंडळाला, नक्की आहे.

बजेट मंजूर करण्याआधी डिस्ट्रिक्टला जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. तिथे वर्गणीवर बोलून तुमची तीन मिनिटं घालवू नका. बिझनेस मॅनेजरना विचारा, बसच्या परताव्याचा आकडा कुठल्या टक्क्याने धरलाय आणि तो कमी आला तर खड्डा कशातून भरणार. दुसरं, डिस्ट्रिक्टच्या शिलकीत, म्हणजे एक्सेस अँड डेफिशियन्सीत, किती आहे. बजेटच्या ५ टक्क्यांपर्यंतच ती ठेवता येते, वरची रक्कम टाउनचा वाटा कमी करायला वापरावी लागते. आणि वेळ उरलाच तर पाच वर्षांचा पटसंख्येचा तक्ता टाउनवार मागा. तुमचं टाउन ‘अ’ आहे की ‘ब’, हे त्यात दिसेल.