ठाण्यात फ्लॅटमध्ये स्क्रोल सॉ ठेवून लाकूडकाम करता येईल का? मशीन कोणती घ्यावी, सोबत काय लागेल?

घोडबंदर रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट, ड्राय बाल्कनी रिकामी. करायचं आहे ते नेमप्लेट, मुलीसाठी लाकडी कोडी आणि जमलंच तर गणपतीचं मखर. शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकांची धास्ती. तुमचा प्रश्न मी असा समजले. मी कोपरीत, तुमच्याहून लहान घरात राहते आणि आठ वर्षं खिडकीखालच्या साडेतीन फुटांत स्क्रोल सॉ चालवते आहे. येतं करता. काकांचंही बघू, पण नंतर.

आधी मशीन, कारण सगळे तिथेच अडकतात. स्क्रोल सॉ ही शिवणयंत्राची बहीण समजा. सुईच्या जागी करवतीचं बारीक पातं वरखाली होतं आणि कापड सरकवावं तसं लाकूड आपण हाताने फिरवत न्यायचं. कापतं ते पातं. मशीनचं काम त्याला ताणून धरायचं आणि हलवायचं, बस. त्यामुळे विकणारा वॅट आणि स्पीड सांगायला लागला की ऐकून घ्या आणि उलट एकच विचारा: हिच्यात बिनपिनेचं पातं बसतं का?

पाती दोन जातींची. एकीच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, ती खाचेत अडकवली की झालं. बसवायला सोपी, म्हणून नवशिक्याच्या गळ्यात तीच मारतात. पण नक्षीच्या आतला भाग कापायचा तर आधी भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागतं आणि पिनेसकट पातं जायला चार-पाच मिलिमीटरचं भोक हवं. बोटभर उंचीच्या अक्षराच्या पोटात एवढं भोक म्हणजे अंगणात विहीर. बिनपिनेचं पातं सपाट टोकाचं, स्क्रूने आवळायचं. बारीक पातं असेल तर एक-दीड मिलिमीटरच्या भोकातून सहज जातं. माझी पहिली मशीन मी वापरलेली घेतली, सहा हजारांना. विकणारा म्हणाला होता, सगळी पाती चालतात. घरी आणून बघते तर फक्त पिनेची. वर्षभर मी तिच्यावर नुसत्या बाहेरच्या कडा कापल्या. हत्ती, बदक, पुन्हा हत्ती.

16 इंची मशीन म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत 16 इंच, साधारण 405 मिलिमीटर जागा. छंदाला भरपूर झाली. डब्यावर 50 मिलिमीटर जाडीपर्यंत कापते असं लिहिलेलं असतं, पण तुम्ही 20-25च्या पुढे जाऊ नका, पातं मध्येच पोट काढतं आणि कड तिरकी येते. स्पीड कमी-जास्त करता आला पाहिजे. बहुतेक मशीनवर मिनिटाला 400 ते 1600 फेऱ्या असतात. मोटर शंभर-सव्वाशे वॅटची, स्वयंपाकघरातल्या मिक्सरपेक्षा कितीतरी लहान, त्यामुळे साधं पाच अँपिअरचं सॉकेट पुरतं. आणि व्हिडिओतली ती देखणी 20 इंची अमेरिकन मशीन बघून न्यू जर्सीच्या भावाला आणायला सांगू नका. ती 120 व्होल्टची असते, आपल्याकडे 230. शिवाय वजन पंचवीस किलोच्या घरात.

आता पाती, पैसे इथे घाला. लांबी पाच इंच, ओळखायची नंबरावरून. नंबर वाढला की पातं रुंद आणि जाड. 3 मिलिमीटरच्या प्लायला मी 1 नंबर लावते, 6 मिलिमीटरला 3, सागाच्या पाऊण इंची फळीला 5 किंवा 7. दातांची टोकं खाली, टेबलाकडे. उलटं लावलं तर लाकूड टेबलावर उड्या मारायला लागतं, आणि एकदा तरी प्रत्येक जण उलटं लावतोच. खालचे काही दात मुद्दाम वर वळवलेली पाती मिळतात, रिव्हर्स टूथ म्हणून. त्यांनी प्लायच्या खालच्या अंगाला कुसळं निघत नाहीत. तीच घ्या. गोल पिळाचं स्पायरल पातं ऐकायला जादू वाटतं, लाकूड फिरवावंच लागत नाही, पण कड उंदराने कुरतडल्यासारखी येते.

पातं ताणल्यावर नखाने छेडा. तारेसारखा स्वच्छ टणत्कार आला पाहिजे. थबथब वाजलं तर सैल आहे. दुसरं, रेघेवरून सरळ चाललेलं लाकूड एका बाजूला ओढलं जातंय असं पहिल्याच दिवशी वाटेल आणि मशीन खराब आली म्हणून तुम्ही दुकानात फोन कराल. करू नका. पात्याचे दात पाडताना एका अंगाला बारीक कंगोरा राहतो, त्या अंगाला ते जास्त कापतं, बहुतेक वेळा उजवीकडे. लाकूड जरा तिरकं धरून पुढे न्यायची सवय आठवड्यात लागते. टेबल काटकोनात आहे का, हे बघायला मात्र गुण्यावर, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीवर, विसंबू नका. जाड ठोकळ्यात पाव इंच चीर पाडा, ठोकळा फिरवून पात्याच्या मागे आणा आणि बघा पातं त्याच चिरेत अलगद शिरतं का. शिरलं तर काटकोन बरोबर.

कठीण लाकडात अर्ध्या-पाऊण तासात पातं बोथट होतं. कड काळी पडायला लागली, जळका वास आला की टाकून द्या. जुन्या पात्यावर जोर लावला की ते तुटतं, आणि मग आपण मशीनला शिव्या देतो.

मिळतात कुठे? मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची रांगच आहे, पण तिथे स्क्रोल सॉचं पातं मागितलं की निम्म्या दुकानांत जिगसॉचं, म्हणजे हातात धरून चालवायच्या विजेच्या करवतीचं, पातं हातात ठेवतात. खिशात एक जुनं पातं घेऊन जा आणि तेच दाखवा. नाहीतर ऑनलाइन डझनाने मागवायची. एक गंमत सांगते. झवेरी बाजारात सोनारांच्या करवतीची पाती मिळतात, लांबी जवळपास तीच आणि बिनपिनेची. 3 मिलिमीटरच्या प्लायवर सुरेख चालतात. पण ते दात धातूसाठी घडवलेले असतात, जाड लाकडात भुसा अडकून जळतं. पितळेच्या पत्र्याचा ॐ कापायचा झाला तर स्पीड अगदी कमी करून हीच लावायची.

सोबत लागतं ते थोडकंच. लहान ड्रिल आणि 1, 1.5, 2 मिलिमीटरचे बिट, दोन सी-क्लॅम्प (लाकूड आवळून धरायचे शिकंजे), बारीक कानसांचा सेट, 120 ते 240 नंबरचे पॉलिश पेपर, चांगला टेबल लॅम्प. आणि चॉकलेटी पॅकिंग टेप. हसू नका, लाकडावर आधी टेप लावून त्यावर नक्षीचा कागद चिकटवला की पातं जळत नाही आणि काम झाल्यावर कागद एका झटक्यात निघतो. टेबल सॉ (सरळ कापायची मोठी करवत), राउटर (लाकडाच्या कडा-खाचा कोरायची मशीन) वगैरे घेऊ नका. सरळ काप स्क्रोल सॉचं कामच नव्हे, प्लायवाला मापात चौकोन कापून देतो, त्याच्याकडूनच आणा.

नेमप्लेटबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इंग्रजी व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. रोमन अक्षरं सुटी, एकेक कापून पाटीवर चिकटवायची. आपल्याकडे शिरोरेषा आहे, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी सगळी अक्षरं तिला लटकतात आणि अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. मी हरखून गेले होते. सागाची सुंदर फळी घेतली, 'गुरुकृपा' कापलं. लाकडाच्या रेषा आडव्या ठेवल्या होत्या, शिरोरेषा दणकट आली, पण अक्षरांचे उभे दंड रेषांना आडवे कापले गेले. पॉलिश पेपर मारताना 'पा'चा काना बिस्किटासारखा हातात आला. पुढच्या वेळी रेषा उभ्या ठेवल्या, तर दंड शाबूत आणि शिरोरेषाच मधून मोडली. देवनागरीला दोन्ही दिशांना बळ लागतं, आणि ते प्लायमध्ये असतं, कारण त्याचे थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. सागच दिसायला हवा असेल तर सागाचं व्हिनिअर, म्हणजे पातळ पापुद्रा, लावलेला 6 मिलिमीटरचा प्लाय घ्या.

मग भोकं मोजा. 'क', 'व', 'ब' यांचं पोट मुळातच बंद. 'प', 'म', 'य', 'स' यांचं शिरोरेषेमुळे बंद होतं. 'गुरुकृपा'ला जाड साध्या वळणात दोन भोकांत भागतं, उगाच नाही निम्म्या ठाण्यातल्या इमारतींचं नाव ते. उलट 'भ', 'थ', 'ध', 'श' इथे शिरोरेषा तुटते. 'शुभम' कापलं की 'शु' एकीकडे, 'भम' दुसरीकडे. तिथे 'भ'च्या डाव्या गाठीला मागच्या अक्षराशी दोन मिलिमीटरचा सांधा मुद्दाम काढून ठेवायचा, लांबून कळत नाही. अनुस्वार तर सुटाच पडतो. शेजारच्या विंगमधल्या एकांची 'आनंद' नावाची पाटी करताना तो टिंब माझ्या व्हॅक्यूम क्लीनरने गिळला आणि मी रात्री साडेनऊला धुळीची पिशवी चाळणीने चाळत बसले होते. तेव्हापासून अनुस्वार आधी कापते आणि काडेपेटीत ठेवते. क्रम नेहमी हाच, आधी आतली भोकं, मग बाहेरची कड. बाहेरची आधी कापली तर धरायला काही उरत नाही.

मुलीच्या कोड्यांना पाईनची अर्धा इंची फळी चांगली, हलकी आणि मऊ. पॅकिंगच्या खोक्यांची फुकट मिळते, फक्त खिळे शोधून काढा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी, कापायला लोण्यासारखं असतं, पण त्याची धूळ मैद्यासारखी उडते आणि त्यात फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाचा गोंद असतो, बंद घरात मी ते वापरत नाही. सागात सिलिका, म्हणजे वाळूसारखे कण, असतात, पाती लवकर मरतात, तेव्हा पहिल्याच महिन्यात साग नको.

काकांचं काय? आवाज मिक्सरपेक्षा कमी असतो, खाली जातो तो थरथराट. मशीन जड टेबलाला बोल्टने आवळा आणि टेबलाच्या पायांखाली जाड रबर घाला, निम्मं भांडण तिथेच मिटतं. नियमाप्रमाणे रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45. पण नियम दाखवण्यापेक्षा दुपारची झोप सांभाळलेली बरी. मी 1 ते 4 मशीन लावत नाही.

खरा त्रास धुळीचा आहे. मशीनवरचा छोटा फुंकर मारणारा पाइप रेघ दिसावी म्हणून असतो, तो सगळा भुसा तुमच्या नाकाकडे पाठवतो. व्हॅक्यूमचं नळकांडं टेबलाखाली बांधा, एन-95 मास्क लावा. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक म्हणते, तेव्हा ओढणी नाकावर घेऊन भागणार नाही. ओढणी पात्यात अडकू नये म्हणून तशीही काढूनच ठेवावी लागते, आणि त्याच कारणाने हातमोजेही घालायचे नाहीत. चष्मा हवाच, पातं तुटतं तेव्हा तुकडा उडतो. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, बाल्कनीत कपडे वाळत असताना तर अजिबात नको.

पावसाळ्यात पाती गंजतात. झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. मशीनच्या टेबलावर साधी मेणबत्ती घासा, गंजही धरत नाही आणि लाकूडही सरकतं. प्लाय भिंतीला टेकवून उभा ठेवला तर आठवड्यात धनुष्य होतो, आडवा ठेवून वर वजन द्या. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढरट पडतं, जवसाचं तेल लावावं. मात्र तेलाची फडकी गोळा करून डब्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा, मग फेका.

मखर. 2018 साली थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा मी या नादाला लागले ते त्यासाठीच. 16 इंची मशीनवर तीन फुटी कमान एका तुकड्यात फिरत नाही. फूट-फूटभराचे भाग करून मागून पट्टी मारायची आणि बाजूच्या जाळ्या बिजागरीवर ठेवायच्या, म्हणजे मखर मिटून माळ्यावर जातं. जाळी दोन्ही बाजूंना सारखी हवी, म्हणून 3 मिलिमीटरचे दोन प्लाय टेपने बांधून एकत्रच कापा. माझ्या पहिल्या मखराच्या एका जाळीत चोपन्न भोकं होती, म्हणजे चोपन्न वेळा पातं सोडून, ओवून, पुन्हा ताणायचं. तीन रविवार गेले. तुम्ही वैशाखात सुरुवात करा, रंग आषाढाआधी वाळला पाहिजे. आणि मशीन घ्यायच्या आधी हाताची फ्रेट सॉ (चौकटीत ताणलेल्या बारीक पात्याची करवत) आणून 3 मिलिमीटरच्या प्लायवर एक जास्वंद कापून बघा. बोटं दुखून आली आणि तरी दुसरं कापावंसं वाटलं, तर मग नागदेवीला जा.