वाचक विचारतात : हद्द, नंबर आणि घड्याळ

या वेळच्या बहुतेक पत्रांतली तक्रार एकच आहे : एका यंत्रणेला सांगितलेलं दुसरीला कळत नाही. तक्रार खोटी नाही. मात्र माहिती पुढे सरकते ती नावावर नव्हे, तर दोन्हीकडे सारख्याच असलेल्या एखाद्या क्रमांकावर आणि वेळेवर. तो क्रमांक चुकला की फाईल अडकते.

प्रश्न : मुंबईहून येताना कसारा ते इगतपुरीदरम्यान गाडीत बॅग गेली. नाशिकरोडला उतरल्यावर एकाने सांगितलं, ‘कसाऱ्याला जाऊन तक्रार द्या.’ जावंच लागतं का? (जेलरोड)

नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाचीही असो. ते ठाणं शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून कागद संबंधित ठाण्याकडे पाठवतं. प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. तक्रार ईमेलने दिलीत तर तीन दिवसांत सही करावी लागते.

प्रवाशाच्या सामानाच्या चोरीचा गुन्हा नोंदवतात ते लोहमार्ग पोलीस, म्हणजे राज्य सरकारचे. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं असून त्यांचा मुख्य विषय रेल्वेची मालमत्ता. स्थानकावर दोघांचीही वर्दी खाकीच, म्हणून घोळ होतो. धावत्या गाडीतून १३९ या रेल्वे हेल्पलाइनवर फोन करता येतो. तक्रारीत गाडी क्रमांक, डबा, बर्थ, पीएनआर आणि बॅग शेवटची दिसली ते स्थानक व वेळ लिहा. बॅगेत मोबाईल असेल तर त्याचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक; खोक्यावर किंवा बिलावर सापडतो) टाकाच. त्याच नंबरचं नवं सिमकार्ड काढलं की ओटीपी येतो, आणि तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो.

प्रश्न : सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा रस्ताही टिपतो. एका अपघातानंतर आधी पोलीस ठाण्यातून, मग गुन्हे शाखेतून चित्रण मागायला आले. दोघांना वेगवेगळं द्यायचं का? (गंगापूर रोड)

दोघांना हुबेहूब एकच फाईल द्या. पण त्याआधी चित्रण वाचवा. डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. आठ कॅमेरे, प्रत्येकाचा प्रवाह दोन एमबीपीएस धरला तर दिवसाला सुमारे १७३ जीबी होतात, म्हणजे एक टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते. पोलीस दहाव्या दिवशी आले तर हाती काही लागत नाही, आणि मग सोसायटीवर नाहक संशय येतो.

दुसरी गोष्ट घड्याळ. डीव्हीआरचा पडदा आणि शेजारी मोबाईलची वेळ असा एकत्र फोटो काढा, फरक लिहून ठेवा. घड्याळ लगेच दुरुस्त करू नका. आधी चित्रण उतरवा. तुमचं घड्याळ सात मिनिटं पुढे आणि पुढच्या चौकातलं बरोबर असेल, तर तीच गाडी इथून निघण्याआधीच तिथे पोचलेली दिसते. दोन ठिकाणचे पुरावे जुळवताना तपास इथेच फसतो.

घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास घ्या. मूळ स्वरूपात उतरवा आणि सोबत त्या कंपनीचा प्लेअर द्या. पडद्याचा मोबाईलने काढलेला व्हिडिओ किंवा व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली फाईल पुराव्यासाठी देऊ नका. तिथे फाईल दाबून लहान केली जाते, गाडीचा नंबर पुसट होतो आणि ती मूळ राहत नाही. फाईलचा एसएचए-२५६ हॅश (संगणकाने काढलेला फाईलचा ठसा; फाईल जराही बदलली की तो बदलतो) काढून लिहा. दोन्ही प्रतींचा हॅश सारखा असेल तर ‘फेरफार झाला’ हा वाद उरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं : भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, भाग ‘ब’ तज्ज्ञ. भाग ‘ब’साठी सचिवांची सही चालत नाही. मागणी लेखी घ्या (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ९४) आणि दिल्याची पोच सांभाळा. डीव्हीआरच नेणार असतील तर पंचनाम्यात त्याचा अनुक्रमांक आहे ना, ते बघा. आणि सोसायटीच्या ग्रुपवर ते चित्रण फिरवू नका.

प्रश्न : ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर केली. पैसे ‘होल्ड’ झाले म्हणतात, पण खात्यात येत नाहीत. (सिडको)

होल्ड म्हणजे पैसे चोराच्या किंवा पुढच्या कुणाच्या तरी खात्यात गोठलेले, तुमच्याकडे आलेले नव्हेत. १९३० वरची तक्रार पैसे जिथे गेले त्या बँकेकडे जाते, ती पुढच्या बँकेला कळवते. प्रत्येक टप्प्यावर जेवढे शिल्लक असतील तेवढेच अडतात. एटीएममधून काढलेले पैसे गोठवता येत नाहीत, म्हणून पहिला तास मोलाचा.

नेहमीची चूक : ॲपचा स्वतःचा व्यवहार क्रमांक देणं. बँकांना लागतो यूटीआर, म्हणजे बँकांमधला त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयमध्ये तो १२ अंकी असतो. परताव्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करता येतो. रक्कम चार खात्यांत फुटली असेल तर चारही खाती आणि प्रत्येकातली गोठलेली रक्कम अर्जात वेगवेगळी लिहा. फक्त एकूण रक्कम लिहिली, तर कोणी किती सोडायचे यावर बँका अडून बसतात.

प्रश्न : गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले, असा निरोप येतो. त्यावरून दुकान कधी हलवायचं? (सराफ बाजार)

नुसत्या धरणाच्या आकड्यावरून ठरवू नका. धरणाच्या खाली पडणारा पाऊस आणि शहरातले नाले त्यात भर घालतात; म्हणून शहरातल्या गोदावरीवरच्या होळकर पुलाखालचा विसर्ग विचारा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर. गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, जिच्यावरून लोक पुराची पातळी मोजतात, ती नजरेला खरी, पण ती पाणी आल्यावर सांगते.

आकडा जलसंपदा विभागाकडून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे आणि तिथून महापालिका, पोलीस, तहसील असा जातो. ग्रुपवर आलेल्या चित्रात ‘किती’ ठळक असतं, ‘किती वाजता’ हरवलेलं. वेळ दिलेली नसेल तर जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर विचारून घ्या. तळघरातला माल आधी काढा, आणि पाणी उंबऱ्याला लागण्यापूर्वी मेन स्विच स्वतः बंद करा. वीज कंपनी परिसराचा पुरवठा तोडेपर्यंत थांबू नका.