वाचकांचे प्रश्न : ही जमीन कुणाची होती, हे सांगायचं कसं?

प्रश्न : आमची सोसायटी गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीत आहे. ऑस्ट्रेलिया-कॅनडात कार्यक्रमाआधी त्या जमिनीच्या मूळ रहिवाशांचं ऋण मानणारं निवेदन वाचतात, तसं आम्हाला वर्धापनदिनी वाचायचं आहे. ‘मुंबईच्या मूळ कोळी बांधवांना वंदन’ एवढं पुरेल का?

उत्तर : नाही. मासेमारी करणाऱ्या सोनकोळ्यांचे कोळीवाडे किनाऱ्याला आणि खाडीकाठी. तुमच्या शेजारी आरेत आदिवासी पाडे आहेत ते वारली, कोकणा, मल्हार कोळ्यांचे. आरेची दुग्धवसाहत १९४९ची, पाडे त्याआधीचे.

सुरुवात कागदापासून करा. मिळकत पत्रिकेवर गावाचं नाव आणि नगर भूमापन क्रमांक असतो. त्यावरून नगर भूमापन कार्यालयात जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा विचारा, मग जुना सातबारा व फेरफारांच्या नकला काढा. नमुना सातमध्ये मालकाच्या नावावर थांबू नका. जमीन कसणारं कूळ बहुधा ‘इतर हक्कां’त सापडतं. नमुना बारा सांगतो तिथे भात होता की गवत. जमीन कुणाकडून कुणाकडे, कधी, खरेदीने की संपादनाने गेली, ते फेरफारात. मात्र कागदावर नाव नाही म्हणजे माणूस नव्हता, असं धरू नका. डोंगरउतारावर कसणाऱ्यांची नोंद पुष्कळदा झालीच नाही. त्यासाठी पाड्यावर जाऊन विचारावं लागेल : या उताराला तुम्ही काय म्हणता, इथून काय गोळा करायचात, वाघोबा हा तुमचा देव कुठे?

मजकूर सत्तर-ऐंशी शब्दांचा, मिनिटभरात वाचून होणारा. तो बिघडतो क्रियापदांत. ‘इथे आदिवासी राहत होते’ असं वाचाल, आणि ते तर रिक्षाच्या अंतरावर आजही राहतात! ‘जमीन विकसित झाली’ हेही टाळा. कुणी घेतली, कोणत्या साली, ते लिहा. साधारण असं : ‘ही इमारत अमुक सर्व्हे नंबरवर उभी आहे. अमुक सालापर्यंत इथे भात पिकायचा. तो अमुक कुटुंबं कसत. अमुक साली ही जमीन अमुक कंपनीने विकत घेतली.’ कुटुंबाचं नाव घेण्याआधी त्यांच्या वारसांना विचारा.

शेवटचं वाक्य सोसायटी काय करणार याचं हवं. पाड्यावरच्या बायका गेटबाहेर भाजी घेऊन बसत असतील, तर वॉचमन त्यांना उठवणार नाही, एवढा ठराव झाला तरी चालेल. तोही होत नसेल, तर निवेदन वाचू नका.

आणि तारपा वाजवायला कुणाला बोलावणार असाल, तर मानधन आधी ठरवा आणि पंगत एकच ठेवा.