‘फोन झालाच नाही’ म्हणणाऱ्याला कोर्टात उत्तर

प्रश्न : दिवाणी दाव्यात प्रतिवादी म्हणतो, त्याने मला फोन केलाच नाही. मोबाइल कंपनीकडून त्याचे कॉल रेकॉर्ड मिळतील का?

उत्तर : परस्पर नाही, कोर्टाच्या आदेशानेच. पण आधी वकिलामार्फत कंपनीला रेकॉर्ड जपून ठेवण्याची नोटीस धाडा. मुदत संपली की ते पुसले जातात आणि मग आदेशही निरुपयोगी. अर्जात नंबर, तारखा, वेळ नेमकी लिहा. ‘सगळे कॉल द्या’ अशी मागणी खासगीपणाच्या मुद्द्यावर अडते. नोंदी कंपनीच्याच संगणकातून निघाल्याचे तिचे प्रमाणपत्रही मागाच, नुसत्या प्रिंटवर हरकत येते. नोंदीत नंबर, वेळ, कालावधी, 15 अंकी आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) आणि टॉवर असतो, संभाषण नसते. टॉवरवरून परिसर कळतो, घर नव्हे. व्हॉट्सॲप कॉल असेल तर तिथे फक्त डेटावापर दिसेल.