फेस्क्यू गवत लावू का? औसा, लोहा आणि कळंबच्या प्रश्नांना उत्तर

नमस्कार मंडळी. ह्या आठवड्यात एकाच गवतावर तीन प्रश्न आलेत म्हणून एकत्रच लिहितो. औसा तालुक्यातल्या दादांनी मोबाईलवर अमेरिकेतला व्हिडिओ बघितला, टॉल फेस्क्यू नावाचं हिरवंगार गवत, वाळल्यावर त्याचे मोठमोठे गोल गठ्ठे, गाई निवांत चरतायत, आणि बी ऑनलाईन मिळतंय, तर २० गुंठ्यात लावलं तर दोन देवणी आन तीन संकरित गाईंचं भागेल का. लोह्याकडच्या भाऊंनी माळेगावच्या जत्रेतून घोडी आणलीय, ती गाभण आहे, तिला हे चालेल का. आणि कळंबच्या ताईंना उस्मानाबादी शेळ्यांसाठी हवंय.

दादा, लावू नका. गवत वाईट आहे असं नाही, पण ते थंडीतलं गवत आहे. २०-२५ डिग्रीत जोरात वाढतं, ऊन तापलं की वाढ थांबवून बसतं. आपल्याकडं मार्चपासूनच पारा चढतो, मे महिन्यात ४२ च्या पुढं जातो, म्हणजे नेमकं जेव्हा चारा लागतो तेव्हाच हे गवत झोपणार आणि तुमचं विहिरीतलं पाणी त्याला जगवण्यातच जाणार. हिमाचल काश्मीरकडच्या थंड भागात ते जमतं, लातूरच्या काळ्या रानात नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९३१ साली केंटकीतल्या एका डोंगरउतारावर हे गवत दुष्काळातही हिरवं दिसलं, १९४३ मध्ये 'केंटकी ३१' नावानं त्याचं बी वाटलं गेलं आणि बघता बघता लाखो एकरात पसरलं. पण त्याच्यावर चरणारी जनावरं खंगायला लागली. उन्हाळ्यात अंगातली गरमी बाहेर पडेना, केस झडेनात, दिवसभर पाण्यात उभी राहायची, दूध आटायचं, आणि कडाक्याच्या थंडीत खुरं, शेपटीचं टोक, कान सडायचे. कारण सापडायला १९७७ साल उजाडलं. ह्या गवताच्या आत एक बुरशी राहते, बाहेरून दिसत नाही, बियातूनच पुढच्या पिढीत जाते आणि तिच्या विषानं रक्तवाहिन्या आकसतात. आता बिनबुरशीचं किंवा बिनविषारी बुरशीचं चाऱ्याचं बी तिकडं निघालंय, पण लॉनसाठी जे बी विकतात त्याच्यात किडीपासून बचाव म्हणून ही बुरशी बऱ्याचदा मुद्दाम ठेवलेली असते. ऑनलाईन येणारं बी बहुतेक लॉनचंच असतं, म्हणून ते जनावरांसाठी अजिबात मागवू नका.

भाऊ, घोडीला तर हे सगळ्यात घातक. गाभण घोडीचे दिवस वर जातात, वार (पोटातल्या पिल्लाभोवतीचं आवरण) जाड होते, विताना घोडी आणि शिंगरू दोघांच्या जिवावर बेततं, वाचलं तरी कासेत दूध नसतं. तिकडं शेवटचे दोन-तीन महिने घोडीला ह्या गवतावरून काढतात. तुमच्या घोडीला स्वच्छ वाळलेलं मारवेल गवत, थोडी लसूण घास, बुरशी न लागलेला कडबा द्या आणि डॉक्टरांकडून तपासून घेत चला.

आता दादा, त्या व्हिडिओतून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे गवत कधी कापायचं. फेस्क्यूत सगळ्यात जास्त विष बियांच्या तुऱ्यात असतं, म्हणून तिकडचे जाणते शेतकरी तुरा भरायच्या आत कापणी उरकतात, आणि त्याच वेळी गवतात कसही असतो. आपण काय करतो, डोंगरातलं पवना, मारवेल, कुसळी उभंच ठेवतो, दिवाळी झाली की कापतो. तोवर बी गळून गेलेलं, कस संपलेला, वर कुसळीची कुसळं जनावरांच्या तोंडात रुततात. मग गाय खात नाही म्हणून आपण तिलाच दोष देतो. गवत फुलोऱ्यात यायला लागलं की कापा. पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवस पातळ पसरून वाळवा, दिवसातून दोनदा उलथा, काडीवर नख मारून बघा, ओल आली नाही तरच पेंढ्या बांधा. ओलं रचलं तर गंज आतून तापते, बुरशी येते, कधी कधी पेट पण घेते. चांगल्या वाळलेल्या गवताला हिरवट रंग आणि गोड वास राहतो. सोयाबीन वाढल्यापासून ज्वारी कमी झाली, कडबा महागला, तेव्हा हे बांधावरचं गवत आता फुकट घालवायचं नाही.

तुमच्या २० गुंठ्यांचं असं करा. पाणी बारमाही असेल तर १० गुंठे संकरित नेपियर गवत, त्याची फुले जयवंत किंवा डीएचएन ६ ही जात, तीन बाय दोन फुटावर दोन डोळ्यांची कांडी. पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांनी, पुढं दीड महिन्यानं. गाई नुसत्या नेपियरवर ठेवू नका, त्यातल्या ऑक्झलेटनं कॅल्शियम अडकतं, खनिज मिश्रण रोज द्याच. पाच गुंठे लसूण घास, बी सव्वा किलो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा, पण दव असताना कापून उपाशी गाईला टाकू नका, पोट फुगतं. उरलेल्या पाच गुंठ्यात आणि सगळ्या बांधांवर मारवेलची ठोंबं लावा, मुरमाड जागेतही टिकतं, वाळवायला त्याच्यासारखं गवत आपल्याकडं नाही. पाच गाईंचं सगळं ह्याच्यातच भागणार नाही, पण कडब्याला चांगली जोड मिळंल.

एक सांगायचं राहिलं. पाऊस ताणला की ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यावर जनावर सोडू नका, किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागतं आणि तासाभरात जनावर जातं.

ताई, शेळी मुळात झाडपाला खाणारी. बांधावर शेवरी लावा, सुबाभूळही चालंल पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. रोपं जूनच्या पहिल्या चांगल्या पावसात लावा आणि वर्षभर शेळ्या त्याच्याजवळ जाऊ देऊ नका.