लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये बंद झाले तर घरखर्चावर खरंच एवढा फरक पडतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "दीड हजारात आजकाल येतं काय? नाव कमी झालं म्हणून एवढी ओरड कशाला?" हे वाक्य मी आधीही ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

फरक पडतो, आणि दीड हजारापेक्षा जास्त पडतो. हे पैसे धरून महिन्याला दहा हजार येणारं घर घ्या. भाडं, लाइट बिल, गॅस, बचत गटाचा हप्ता, पोरांच्या शाळेचं काहीबाही, असे आठ हजार पहिल्या आठवड्यातच वाटेला लागतात. बाईच्या हातात उरतात दोन हजार. त्यातले दीड गेले. कागदावर ही कपात १५ टक्के दिसते. तिच्या हातातल्या पैशाचा मात्र पाऊण भाग गेलेला असतो. भाडं कमी होत नाही, हप्ता थांबत नाही. कमी होतं ते तेल, दूध आणि औषध.

हे मला ठाऊक आहे कारण माझ्या आईचे पैसे असेच बंद झाले. लाडकी बहीणचे नाही, त्याच्या कितीतरी आधी, संजय गांधी निराधार योजनेचे, म्हणजे विधवा-निराधारांना सरकार महिन्याला देतं ते. वडील गेल्यावर तिचं प्रकरण मंजूर झालं तेव्हा महिन्याला ६०० रुपये मिळायचे, २०१९ नंतर १,००० झाले. माझा धाकटा भाऊ पंचवीस वर्षांचा झाला आणि नियमाप्रमाणे ते थांबले. विधवेचा मुलगा पंचवीसचा झाला की तो आईला सांभाळणार, असं नियमाने गृहीत धरलं होतं. भाऊ तेव्हा चाकणला कंत्राटी कामावर होता. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा ठेकेदाराच्या मागे फिरणं. खोलीचं भाडं आणि मेस भागवून तो घरी काय पाठवणार?

बंद झाल्याचं आईला कोणी कळवलं नाही. तिला वाटलं, उशीर झालाय. निराधारचे पैसे दोन-दोन महिने अडकायचेच, मग एकदम यायचे. म्हणून ती गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या 'बँक मित्रा'कडे जाऊन अंगठा लावायची, तो शिल्लक सांगायचा, ती परत यायची. दरम्यान किराणा उधारीवर सुरूच होता, कारण दुकानदारालाही माहीत होतं की हिचे पैसे येतात. आपल्या चर्चेत हीच गोष्ट कोणी धरत नाही. ते हजार रुपये नुसते हजार नव्हते, त्यांच्या जोरावर वहीत दीड-दोन हजारांचं खातं चालायचं. तहसीलला जाऊन "बंद झालंय" हे कळलं, ते गावात पसरलं आणि दुकानदाराने सरळ सांगितलं, "मावशी, आधीचं मिटवा." त्याचीही चूक म्हणता येणार नाही, त्यालाही माल रोखीने आणावा लागतो. मागचं मिटवायला आईने गटातून कर्ज काढलं, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. सरकारने हजार रुपये थांबवले आणि घरावर व्याज सुरू झालं.

त्या दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा फळीवरच्या डब्यात तिच्या बीपीच्या गोळ्या दिसल्या. गोळ्यांची पट्टी कात्रीने कापलेली, चार गोळ्यांचा तुकडा. मेडिकलवाला तसा कापून देतो. मी विचारलं तर म्हणाली, "एक दिवसाआड घेते, काही होत नाही." चार गोळ्यांत आठ दिवस. आकडेवारीत हे घर तेव्हाही "खर्च भागवणारं" असंच दिसलं असतं, कारण उपाशी कोणी झोपत नव्हतं. रेशनचे गहू-तांदूळ येत होते ना.

आता नियमांविषयी. निराधारसाठी तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाची अट होती वर्षाला २१,००० रुपये. २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. म्हणजे सरकारने स्वतः हमी दिलेले १०० दिवस घरातल्या एकाच माणसाने पूर्ण काम केलं, तर २५,६०० रुपये होतात आणि ते घर सरकारच्याच दुसऱ्या योजनेत अपात्र ठरतं. अशी अट माणसाला खोटा दाखला काढायला लावते. मग पडताळणी आली की ज्याची ओळख आहे तो टिकतो आणि ज्या बाईने खरं उत्पन्न सांगितलं तिचं नाव कटतं. दिल्लीचं तर बोलायलाच नको. ६० ते ७९ वयाच्या दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी केंद्राचा वाटा २०११ पासून महिना २०० रुपयेच आहे. रक्कम वर्षानुवर्षं तीच ठेवणं हीसुद्धा कपातच असते, फक्त तिची बातमी होत नाही.

लाडकी बहीणबद्दल तुम्ही विचारलंय तर तेही सांगते. योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली, निवडणुकीत २,१०० चं आश्वासन दिलं गेलं, आणि जून २०२५ च्या हप्त्यापासून सुमारे २६ लाख ३४ हजार नावं तात्पुरती थांबवली. पीएम किसान आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे मिळून महिन्याला हजार मिळणाऱ्या बाईला इथले ५०० च मिळतात, म्हणजे सगळं मिळून पुन्हा दीड हजारच. यात चुकीची नावं होती हेही खरं आहे. १४ हजारांवर पुरुषांनी पैसे उचलले, ते बंद व्हायलाच हवे होते आणि वसूलही व्हायला हवेत. घरी चारचाकी असून अर्ज भरणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. माझं म्हणणं एवढंच की आधी अंगणवाडी सेविकांकडून घाईघाईने अर्ज भरून घ्यायचे, मतदान होऊ द्यायचं आणि छाननी नंतर करायची, यात बाईचा दोष नाही. तिने त्या पैशांवर हप्ते बांधले, आणि ते हप्ते छाननीसाठी थांबत नाहीत.

तुमच्या घरातलं कोणाचं नाव थांबलं असेल तर आधी आधार कोणत्या बँक खात्याला जोडलंय ते बघा. पैसे त्याच खात्यात जातात आणि कधी कधी बाई भलत्याच खात्याचं पासबुक भरून येते. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालीय का ते बघा. मग लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं तर "वरून बंद झालंय" एवढंच ऐकायला मिळतं. कारण लेखी मागा, नाही दिलं तर माहितीच्या अधिकारात मागा. आईच्या वेळी आमच्याकडे एकही पोच नव्हती. आधी तीन वेळा कागद दिलेत, हे आम्ही कशाने सिद्ध करणार होतो? आणि पैसे थांबल्याचं कळलं की दुकानदाराला, गटाला लगेच सांगा. वाईट वाटतं, पण उधारी फुगत नाही.

राहिला "फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो" हा मुद्दा. तुम्ही तो लिहिला नाहीत, पण तुमच्या प्रश्नाच्या मागे तोच आहे. आईचे पैसे बंद झाले तेव्हा माझे सख्खे चुलते, बापू, चार पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "पोरगा कमावता झाला, आता कशाला सरकारपुढं हात पसरायचा?" २०१७ च्या कर्जमाफीत त्यांचं पीक कर्ज माफ झालं होतं. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार त्यांना आजही येतात, आणि यायलाच हवेत, शेती कशी चालते ते मी बघितलंय. पण त्यांना मिळालं ते धोरण आणि माझ्या आईला मिळालं ती भीक, हे मला मान्य नाही. बापू, तुम्ही हे वाचत असाल तर तेव्हा सगळ्यांसमोर जे विचारता आलं नाही ते आता विचारते. कर्जमाफीनंतर तुम्ही एक तरी हंगाम पेरणी सोडून घरी बसलात का? नाही ना? मग महिन्याला हजार रुपयांत आई आळशी होईल असं तुम्हाला का वाटलं? ती तेव्हाही तुमच्याच रानात खुरपायला येत होती.